गुडघ्यांचं औषध

रत्नागिरीहून व्हिजिट व्हिसावर आखातात मुलाकडे आलेल्या अम्मीने अर्सलानच्या सनाबिसच्या फ्लॅटमधलं कपाट दुसऱ्याच दिवशी उघडलं. आत जांभळ्या दिव्याखाली गांजाची चार झाडं उभी होती. "गुडघ्यांचं औषध आहे, तुझ्यासाठीच लावलंय," असं त्याच्या तोंडून निघून गेलं.

तो ड्यूटीवर गेला की झाडांचं खाणंपिणं तीच बघू लागली. पानांची टोकं करपली तेव्हा तिनेच खताचं पाणी पातळ केलं. जन्म भातशेतीत गेलेला, एक दिवस म्हणाली, "पोटरीला आलीत रे, कळ्या धरायच्या बेतात आहेत, आता दिवा कमी कर." त्याने टायमर बारा तासांवर आणला आणि खरंच कळ्या धरल्या. आज खरं सांगू, असं त्याला रोज वाटायचं. पण ती झाडांवर दुवा पढून फुंकताना दिसली की त्याची मान खाली जायची.

परतीच्या दिवशी तिला मुहर्रकला विमानतळावर सोडून तो घरी आला, तर एका झाडाची फांदी कापलेली. गावाकडच्या बायका कुणाच्याही घरून निघताना एखादी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून नेतातच, हे त्याला आत्ता आठवलं. तेवढ्यात फोन वाजला.



"अर्सू, शेजारच्या हलिमाचे पण गुडघे दुखतात म्हणून एक फांदी घेतली, तर हा पोलीस मला सोडत नाही. तूच सांग त्याला, औषध आहे म्हणून. मी म्हटलंय, माझा मुलगा माझ्याशी खोटं बोलत नाही."