बाहेरून लावलेला रंग

मास्तरांनी जादूगारासारखं फडकं ओढलं आणि बाजूला सरकले.

"हं, बघा आता!"

टेबलावर हिरवागार बेडूक बसला होता. तशी ती रिमोटवर चालणारी जुनी गाडी, खाचखळग्यांतून उड्या मारत पळणारी, मागची चाकं काटेरी. पण तिच्या अंगावर बेडूक रंगवलेला होता. टपोरे डोळे, पाठीवर काळे ठिपके, आणि बेडकाला कान असते तर त्या कानांपर्यंत गेलं असतं असं हसू.

समोर उभा असलेला लिफ्टवाला काही बोलला नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस कामावरून थेट आला होता, हात ग्रीसने काळे होते. तीन आठवड्यांपूर्वी त्यानेच गाडी कापडी पिशवीत घालून आणली होती. "मुलीची आहे. तिच्या मामाच्या लहानपणची. चालती करून द्या," एवढंच बोलून गेला होता.

गिऱ्हाईक गप्प झालं की ते खूश आहे, असा मास्तरांचा समज होता. ते सांगत सुटले.

"गिअरमध्ये ही एवढी वाळू! दोन दातेही झिजले होते, ते चाक बदललं. शॉक-अब्सॉर्बरमधलं तेल गळून गेलेलं. उडी मारली की पोट आपटत असणार बिचारीचं. आणि रंग! दाराचा ऑइलपेंट लावला होता हो तिने, तोही बाहेरून. वा रे पठ्ठी! अहो, ही बॉडी पारदर्शक प्लास्टिकची. हिला रंग आतून द्यायचा असतो. म्हणजे गाडी कितीही घासली तरी रंगाला ओरखडा नाही. फक्त सगळं उलटं करावं लागतं. आधी बुबुळं, मग डोळे, आणि हिरवा सगळ्यात शेवटी. मग म्हटलं, तिचाच बेडूक आहे, तोच काढू, पण नीट काढू."

"आधीचा रंग सगळा काढलात?"

"सगळा. चार दिवस खरवडत होतो. कण शिल्लक नाही."

लिफ्टवाल्याने मान हलवली.

"पण ती कुठाय? मी वाट बघत होतो तिची," मास्तर म्हणाले. "रविवारी पाठवा तिला इकडे. पुढची बॉडी तिची ती करील, मी नुसता शेजारी बसतो. हात चांगला आहे पोरीचा. फक्त घाई करते."

"ती गेली, मास्तर. दोन महिने झाले. तापाचं निमित्त झालं."

मास्तरांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. मग ती मोडली आणि पुन्हा घातली.

"तुम्ही बोलला नाहीत."

"बोललो असतो तर तुम्ही कामाचं काही विचारलंच नसतं. हल्ली कुणी विचारत नाही. नुसते हात हातात घेतात."

तो गाडीवर वाकला. डोळ्यांपाशी थोडा वेळ थांबला.

"तिच्या बेडकाचा एक डोळा मोठा होता."

"हो," मास्तर म्हणाले. "मी दोन्ही सारखे केले."

"रंग ओला असतानाच उचलली होती तिने. दम कसा तो नाहीच. इथे, या बाजूला अंगठा उठला होता तिचा. मी ओरडलो होतो, केलंस ना सगळं खराब, म्हणून." त्याचं बोट गुळगुळीत बॉडीवरून हळूहळू फिरत होतं, पायरी चुकलेल्या माणसाच्या पायासारखं. "ती गेल्यावर रोज कामावर जाताना तिथे बोट ठेवून जायचो. इवलासा तो. माझी करंगळी मावायची फक्त. आई तिची संध्याकाळी ठेवायची. आम्ही एकमेकांना सांगितलं नव्हतं, पण मला माहीत होतं."

मास्तर खाली बसले. गाड्या दुरुस्त करायचा हा उद्योग निवृत्तीनंतरचा; त्याआधी तीस वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली होती. प्रदर्शन आलं की बाकीचे शिक्षक पोरांची चित्रं आपल्या हाताने सजवून द्यायचे. मास्तरांनी कधी दिली नाहीत. मुलाच्या चित्रावर मोठ्यांनी हात फिरवायचा नाही, यावरून ते मुख्याध्यापकांशी भांडले होते, बदलीही पत्करली होती. आणि इथे, कागदाऐवजी गाडी समोर आली, तर हात आपोआप चालला. गाडीचं काम एक तर बरोबर असतं, नाही तर चूक, एवढंच त्या हाताला कळलं.

"मी..." ते म्हणाले.

"नाही हो. तुम्हाला काय माहीत." लिफ्टवाल्याचा आवाज इतका समजूतदार होता की मास्तरांना तो ऐकवेना. "काम एक नंबर झालंय. तिने बघितला असता तर नाचली असती."

त्याने दोन्ही हातांनी गाडी उचलली, झोपलेलं मूल उचलावं तशी, एक हात खाली, एक पाठीवर. दाराशी पोचला आणि थबकला. बेडकाच्या चकचकीत पाठीवर त्याची ग्रीसची बोटं उठली होती. पाचही.

"अरेरे," तो ओशाळून म्हणाला. "तुमची एवढी मेहनत..."

"राहू द्या!" मास्तर धडपडत उठले. "अहो, राहू द्या ते, पुसू नका!"

पण तोवर त्याने शर्टाच्या बाहीने पाठ लख्ख केली होती.