नाही जमलं तं?

एवढ्याशा कार्डासाठी दुकानदाराचं इतकं डोकं खाणारा माणूस मानीबाईनं उभ्या तांड्यात पाहिला नव्हता, आणि तो निघाला तिच्याच पोटचा. बोंडअळीनं कापूस खाल्ल्यापासून घर शामच्या लग्नाच्या व्हिडिओंवर चालत होतं, आणि ऐन लगीनसराईत त्याच्या जुन्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड जळालं होतं.

"भाऊ, माह्या जुन्या डब्यात हे बसन न? लय तापत तं नाही? अन नाहीच जमलं तं?"

"तं आणून द्या वापस," दिग्रसचा तो दुकानदार म्हणाला. "आपण ठेवून घेऊ."

दुकानाच्या पायरीवर शामची बहीण पुष्पा हातावरचे वळ पदराखाली झाकून बसली होती. पाहुण्यांनी काही मागितलं नाही, एवढ्यावरच शामनं तिचं नेरचं स्थळ एका संध्याकाळी पक्कं केलं होतं. काल ती सासरहून पळून आली, तर आज तो तिला परत नेरच्या गाडीत बसवायला निघाला होता. "तांड्याच्या नायकासमोर सोयरिकीचा गूळ खाल्ला आपण," तो घरून निघताना म्हणाला होता, "आता पोरगी त्याईची."

कार्डाचा खोका छातीशी धरून शाम खुशीत बाहेर आला. मानीबाईनं पुष्पाची पिशवी आपल्या काखेत मारली, तिचा हात धरला आणि तांड्याकडे तोंड केलं.



"शाम, तुह्यापेक्षा हा दुकानदार बरा रे. त्याच्यापाशी वापस आलेल्या मालालेबी जागा आहे."