सारणाचे पाव

टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये येऊन सगुणाताईंना सात महिने झाले होते, पण मजल्यावर कुणाशीच ओळख नव्हती. एका मंगळवारी मोबाईलवर बघून त्यांनी पहिल्यांदाच खोबरं-गुळाचं सारण भरलेले पाव ओव्हनमध्ये भाजले. मस्त फुगले. पण मुलगा हर्षित बुटाची लेस बांधत म्हणाला, "आई, मी सकाळी काही खातो का? उशीर होतोय." आणि गेला.

बारा पावांचं काय करायचं? त्यांनी ताट झाकून घेतलं आणि समोरची बेल दाबली. तिथे एकट्या राहणाऱ्या रतनमावशींनी हाताला धरून त्यांना आत नेलं, चहा टाकला आणि गावाकडच्या गप्पा मारता मारता तीन पाव संपवले. दीड तासाने सगुणाताई निघाल्या, तेव्हा मावशी म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी पण कर हं!"

मग दर मंगळवारी सगुणाताई उजाडायच्या आत पीठ मळायला घेऊ लागल्या. आठवड्यात तेवढाच एक दिवस त्यांचं कुणाशी धड बोलणं व्हायचं.

पाचव्या मंगळवारी दार मावशींच्या मुलीने, भावनाने उघडलं. ती ठाण्याहून आली होती. ताट बघून तिचा चेहराच उतरला.

"काकू, आईची शुगर साडेतीनशेवर गेलीये. चार वर्षं झाली, गोड बंद आहे तिचं."

"अगंबाई! मग मला बोलल्या का नाहीत त्या?"

"मीपण तेच विचारलं तिला. तर म्हणते..."



"'नको म्हटलं असतं, तर ती परत आली नसती.'"