मस्कतची स्वस्त वाट

गणपतचं देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं पुन्हा अडलं. मुलगा किरण मस्कतच्या इस्पितळात ऑपरेशनला आत जाण्याच्या बेतात होता. गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागण्याला, ते ज्याच्यासाठी घालायचं त्याने 'व्हय म्हाराजा' म्हणायला हवं. इथे मालवणात, भाईंच्या इंटरनेट फोनच्या दुकानात, म्हातारा रिसीव्हर कानाला दाबून थांबायचा आणि पलीकडून हूं नाही की चूं नाही.

"किरण, माझो झील, गप कित्याक?" त्याने दुकानातल्या सुशांतला विचारलं. "काय बरावाईट तर नाय मां झाला?"

सुशांतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानाचा सर्व्हर तोच सांभाळायचा. कुठल्या देशाचा फोन कुठल्या कंपनीमार्फत न्यायचा याचं टेबल, म्हणजे क्रमवार यादी, त्यात होती, आणि भाईंनी प्रत्येक देशापुढे सगळ्यात स्वस्त कंपनी पहिली घालायला लावली होती. मस्कतपुढची ती स्वस्त कंपनी इथला आवाज तिकडे न्यायची, तिकडचा इथे आणायची नाही. सांगून सांगून त्याची जीभ झिजली. भाई स्वतःच्या लेकीला दुबईला फोन लावताना मात्र महागडा सरकारी फोन उचलत.

"फोन लागलो मां? मग झाला," भाई गल्ल्यावरून म्हणाले. "व्हय म्हणूक झीलच कित्याक होयो? मी म्हणतंय. व्हय म्हाराजा."

बाकावर खोळंबलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. माणसाने निर्लज्ज व्हावं, पण किती? सुशांतने टेबल उघडलं, मस्कतपुढची महाग कंपनी वर घेतली, नंबर पुन्हा लावला आणि स्पीकर चालू केला. वरचा खर्च तुझ्या पगारातून कापीन, असं भाईंनी बजावलं. खुशाल कापा, त्याने मागे न बघता सांगितलं.

"बाबा," किरणचा आवाज आला. स्वच्छ.

गणपत उभा राहिला. गाऱ्हाणं सुरू झालं की कोणी परका उरत नाही. बाकावरचे सगळे हात जोडून उठले, गल्ल्यामागे भाईंनाही उठावं लागलं.

"बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाक सुखरूप भायर काढ."

"व्हय म्हाराजा," मस्कतहून आलं, मागोमाग बाकाकडून.

म्हाताऱ्याने डोळे पुसले.

"आणि ज्या कोणाक माझ्या झिलाचो आवाज महाग वाटता, त्याका बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," भाई सोडून सगळं दुकान म्हणालं. आणि कोणी खाली बसेना. सगळे हात जोडून भाईंच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.