येतानाचा रस्ता

आईच्या डब्यातली निम्मी बटणं मुलाने जेवणाच्या टेबलावर ओतली आणि नकाशावर एकेक मांडायला घेतली. देशाच्या या टोकापासून त्या टोकाला, पार त्याच्या ताईच्या घरापर्यंत, गाडीने जायचं होतं. स्वतःचे मोजे कुठे आहेत हे ज्याला रोज सकाळी आईला विचारावं लागायचं, तो आज कुठल्या डोंगरावर ऊन कधी येतं ते घडाघडा सांगत होता.

"इथे आपण धबधबा बघू. अगदी रस्त्याला लागून आहे, तुला चढावं लागणार नाही." एक पांढरं बटण पडलं. "इथे आपण मुक्काम करू. सकाळी उठलीस की खिडकीतून समोर तळं."

"आणि पक्षी?" आईने विचारलं. "ते लांब पायांचे?"

"तळ्यातच असतात. तुझ्यासाठीच तर ते हॉटेल घेतलंय."

आई हरखून गेली. चष्मा पुसून ती नकाशावर वाकली. जन्मभर मान मोडून लोकांचे कपडे शिवले. बाहेरगावी पाऊल पडलं ते कुणाच्या लग्नाला, नाहीतर कुणाच्या आजारपणाला. आता मुलगा सुट्टी काढून तिला फिरवणार होता, लेकीकडे पंधरवडाभर राहायचं होतं आणि रमतगमत परत यायचं होतं. शेजारणीला हे सांगून सांगून तिने बेजार केलं होतं. मुलाने तिच्या शिलाई मशीनचं तेलपाणीसुद्धा करून आणलं होतं. "ने बरोबर," म्हणाला होता, "हात रिकामे राहिले की तुला चैन पडत नाही." तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

सून शेजारी बसून फोनवर एकेका जागेचे फोटो दाखवत होती. एका फोटोत समुद्रातल्या खडकावर एक जुनं दीपगृह होतं. आईने फोन हातातच घेतला.

"हे कुठेशी आलं गं?"

"वाटेतच आहे, पण थोडं आत जावं लागतं."

"मग जाताना नको, उगाच धावपळ. येताना बघू."

मुलाचं डोकं नकाशात होतं. काळं बटण चिमटीत धरून तो दुसरीच वाट चाचपत होता. "येताना नाही जमायचं, आई. येताना आम्ही जंगलाच्या रस्त्याने येणार आहोत."

सुनेने टेबलाखालून त्याला पाय मारला. तो आईला लागला.

"आम्ही?" आई म्हणाली.

"आपण गं. आपणच. बोलण्याच्या ओघात तोंडातून गेलं."

पण सून उठून गॅस बघायला गेली होती, आणि गॅसवर काहीच नव्हतं.

आई त्या दीपगृहाकडे बघत राहिली. धबधब्यापाशी आपण. तळ्याकाठी आपण. जाताना सगळीकडे आपण, एकदाही चुकला नव्हता. मग तिला मशीन आठवलं. पंधरा दिवस फिरायला निघालेला माणूस मशीन कशाला नेईल? लोकरीचे कपडे सगळेच भर, असंही तो म्हणाला होता.

"मला तिकडे ठेवून येणार आहात," ती म्हणाली.

मुलगा उगाचच बटणं सरळ करत बसला. "ठेवून काय, आई... ताईकडे मोठी खोली आहे. हवा चांगली आहे. इथे आम्ही दोघं दिवसभर बाहेर, तू एकटी."

"ताईला माहीत आहे?"

"तिने खोलीला रंगही दिला."

म्हणजे परवा लेक फोनवर "आई, तुला भिंतीला कुठला रंग आवडेल गं?" असं विचारत होती, ते यासाठी! आई बापडी "निळा" म्हणून मोकळी झाली होती. सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाच तेवढा पत्ता नव्हता. ही खिडकीजवळची खुर्ची, दारात येऊन गप्पा मारणारी गिऱ्हाइकं, शेजारीण, सगळं सुटणार होतं, आणि कुणाचा धड निरोपही तिला घेता येणार नव्हता. पोटच्या दोन्ही पोरांनी मिळून तिला गोड बोलून गाडीत घालायचं ठरवलं होतं, आणि ती खुळ्यासारखी पक्ष्यांची चौकशी करत बसली होती.

"मला विचारायचंस की रे."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

लहानपणी काही फोडल्यावर काढायचा तोच बारीक आवाज काढून तो म्हणाला, "तुला रस्त्यात मजा यावी म्हणूनच तर एवढे थांबे घेतले ना, आई. तुझी आवड बघून बघून घेतले. अजून एखादा सांग, तोही घेऊ. दीपगृह घेऊ. जातानाच घेऊ."

सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिची मान वर होत नव्हती.

आईने डब्यात हात घालून कोटाचं एक मोठं बटण शोधून काढलं. नकाशावरची प्रवासाची तांबडी रेघ जिथून सुरू होत होती, त्या त्यांच्या स्वतःच्या गावावर तिने ते ठेवलं आणि बोटाने घट्ट दाबून धरलं.

"मी इथे थांबते," ती म्हणाली. "तुम्ही या जाऊन."