देवी खाली गेली आहे

अडगळीच्या खोलीचं दार आतून बंद होतं. दाराबाहेरच्या स्टुलावर तिचं घड्याळ, अंगठी, चष्मा, मोबाइल आणि दवाखान्याचं ओळखपत्र ओळीने मांडून ठेवलेलं होतं. त्यातला मोबाइल वाजत होता.

नवरा ओले हात पुसत स्वयंपाकघरातून आला. फोन तिच्या धाकट्या भावाचा होता. त्याने तो उचलला.

"ताई कुठेय?"

"खाली गेलीये."

"म्हणजे दुकानात?"

"नाही, घरातच आहे." यापेक्षा सोपं करून सांगणं त्याला जमलं नाही.

ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. घाबरलेल्या पेशंटना हसून बसवून ठेवणं हे तिचं काम. गेले काही महिने ती रविवारी एका वर्गाला जात होती. वर्ग ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा आणि तो घेणारी बाई पूर्वी लोकांना विमानाची तिकिटं काढून द्यायची. आता ती पौर्णिमेला कुठला पाला सुकवायचा आणि अमावस्येला कुठला भिजवायचा, ते शिकवायची. सोबत एक जुनी गोष्ट सांगायची. एक देवी जमिनीखाली जाते. वाटेत दारं लागतात आणि प्रत्येक दाराशी अंगावरचं एकेक काढून ठेवावं लागतं. मुकुट, हार, कंबरपट्टा. ती खाली असते तोवर वर काही उगवत नाही. तिला हाक मारायची नसते. ती आपली आपण वर येते आणि मग झाडांना पालवी फुटते.

ही गोष्ट तिने मनावर घेतली. दर अमावस्येला संध्याकाळी ती टबात ऊन पाणी घ्यायची, त्यात पुदिना, गवती चहा आणि कसलीशी जांभळी फुलं टाकायची, आणि पाय बुडवून बसायला त्या खोलीत जायची. नवऱ्याची काही तक्रार नव्हती. तो मोटार चालवायला शिकवायचा. शेजारी बसलेलं माणूस काहीही करू शकतं आणि आपण शांत राहायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

त्याच्या आईच्या मात्र ते पचनी पडलं नव्हतं. "आमच्या वेळी कोणी खाली जात नव्हतं," ती म्हणायची. "वर कोण बघणार होतं?"

"भावोजी," फोनवर भाऊ म्हणाला, "बाबांच्या घराच्या किल्ल्या उद्या सकाळीच द्यायच्यात. टेम्पोवाला खाली उभा आहे. ताईला इथलं काही हवं असेल तर आत्ता विचारून सांगा. नंतर काही राहणार नाही."

तिचे बाबा थंडीत गेले. सगळं तिनेच निभावलं. आल्यागेल्याला चहा दिला, भावाला सावरलं, धाय मोकलून रडणाऱ्या आत्याला थोपटून झोपवलं, आणि त्याच आठवड्यात काउंटरवर जाऊन बसली. डोळ्यांतून टिपूस नाही. बाई खंबीर आहे, असं सगळेच म्हणाले. नवरा तर हे शिकायला आलेल्यांनाही सांगायचा, सिग्नलला गाडी थांबली की.

"दार वाजव," आई म्हणाली.

"हाक मारायची नसते."

"मग मारू नकोस ना. वाजव नुसतं."

त्याने वाजवलं.

"कोण?" आतून आवाज आला.

"मी. एक विचारायचंय."

आत टबातलं पाणी डुचमळलं. मग ती म्हणाली, "ये. पण आत काही आणू नकोस."

त्याने विचार केला. मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या घड्याळाशेजारी ठेवलं. मोबाइल आईच्या हातात दिला. मग, उगाच शंका नको म्हणून, कमरेचा पट्टाही काढला.

"पँट सांभाळ," आई म्हणाली.

कडी निघाली. आत जुन्या बॅगा, इस्त्रीचं टेबल आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पंखा होता. कडी काढून ती पुन्हा पाटावर जाऊन बसली होती, पाय टबात, पाठ दाराकडे.

"बाबांचं घर उद्या सोडतायत," तो म्हणाला. "तुला तिथलं काही हवंय का, तो विचारतोय."

"खुर्ची," ती लगेच म्हणाली. "हिरवी."

"ती करकरते."

"माहितीये मला."

"ठेवायची कुठे?"

"इथे."

त्याने खोलीवरून नजर फिरवली. गाडी लावायला जागा पुरेल का ते बघावं, तशी. पंखा माळ्यावर टाकला आणि बॅगा एकीवर एक ठेवल्या, तर जमण्यासारखं होतं.

"बसेल," तो म्हणाला. त्याने दारातून डोकं बाहेर काढलं. "आई, त्याला सांग, हिरवी खुर्ची ठेव म्हणावं. मी येतो न्यायला."

"जेवायचं काय?" आईने विचारलं.

"तू घे वाढून."

तो वळला तेव्हा तिनेही मान वळवली होती, आणि तिचा चेहरा त्याला पहिल्यांदाच नीट दिसला. डोळे सुजलेले होते, नाक लाल झालं होतं. गालांवरून ओघळलेलं पाणी गळ्यापर्यंत आलं होतं. चष्म्याशिवाय ती कुणी वेगळीच दिसत होती. तो जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"वाफ आहे," ती म्हणाली.

त्याने दार लावून घेतलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, समोरच्या बॅगेवर बसला आणि तिच्या पावलांशेजारी आपले पाय बुडवले. पाणी थंडगार होतं.

"हो," तो म्हणाला, "खूपच वाफ आहे."