पट्ट्याचं टोक

अर्धांगवायूनं कडूबाचा उजवा हात लुळा पडला. त्याचं मुकुंदवाडीतलं सलून आजपासून बायको द्वारका चालवणार होती. "आधी माझी दाढी कर, गिऱ्हाईक नंतर," म्हणत तो खुर्चीत बसला. तिनं वस्तरा चामडी पट्ट्यावर घासघासून आरशासारखा चकाकवला होता. पातं गळ्याशी येताच कडूबानं तिचं मनगट धरून तिला थांबवलं, मग स्वतःच्या डोक्याचा केस उपटून पात्यावर टेकवला. केस नुसता वाकला. "चकाकतोय लई, पण धार नाय. पट्टा ढिला ठेवलास, धार मेली." बाहेर पहिलं गिऱ्हाईक येऊन बसलं. "अहो, मला नाय जमायचं," द्वारका म्हणाली. कडूबानं खुंटीवरल्या पट्ट्याचं टोक डाव्या हातानं ताणून धरलं. "आता घास." या वेळी केस टेकताच तुटला. श्वास रोखून तिनं गळ्यावर वस्तरा ठेवला. अर्धी दाढी झाली, तरी त्याच्या तोंडाकडं बघायचा धीर होईना. तेवढ्यात कडूबा घोरायला लागला.